रुखमाने वाचून दाखवलेला कागद

चामोर्शीहून कोसमटोल्यात लग्न होऊन आलेली वच्छला दहावी शिकलेली होती. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन दोन वर्षं झाली तरी या गावात मास्तर काही टिकत नव्हता. तिला ते बघवेना. मग दुपारी बुद्धविहाराच्या ओट्यावर तीच पोरींना शिकवायला लागली. पाच जणी यायच्या. त्यांत इसरू मडावीची रुखमा, सोळा वर्षांची, घरी गोंडी बोलणारी, आधी मराठी चुकेल म्हणून तोंडच उघडत नसे. वर्षभरात ती घडाघडा वाचायला लागली.

पौषात निरोप आला, इसरूला जंगलाच्या नाक्यावर बसवून ठेवलंय. तो बांबूला गेला होता आणि जवळच सागाची चार झाडं कुणीतरी पाडलेली सापडली होती. वच्छला रुखमाला घेऊन धावत गेली. नाक्यावरच्या फॉरेस्टच्या साहेबाच्या टेबलावर कागद होता, खाली इसरूचा अंगठा.

"त्यात काय लिवलं ते वाचू द्या," वच्छला म्हणाली. "पोरगी वाचते."

साहेबाने कागद पुढे सरकवला. रुखमा उभी राहून, ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचू लागली. "मी इसरू मडावी कबूल करतो की, सागाची चार झाडे मीच तोडली..." तिचा आवाज खाली गेला.

इसरूला ती पुस्तकी मराठी कळत नव्हती. तो नुसता लेकीकडे पाहत होता. दाराजवळच्या गार्डाला हळूच म्हणाला, "माही पोरगी हाय."

"हे खोटं हाय, साहेब," रुखमा म्हणाली. असं मान वर करून बोलायला वच्छलानेच शिकवलं होतं.

साहेब रागावला नाही. "बोलते बी चांगली! आता असं कर, बापाले वाचून दाखवलं म्हणून खाली सही कर. केली तं आज घरी सोडतो."

"नको करू," वच्छला म्हणाली.

"मंग तुमीच सोडवून न्या ना, बाई."

रुखमाने दोनदा वच्छलाकडे पाहिलं, मग वाकून पूर्ण नाव लिहिलं. अक्षर सुरेख होतं.

इसरूला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला नेलं. तिथल्या वकिलाने कागद पाहून हात जोडले. "पोटच्या पोरीनं वाचून दाखवला म्हणून सही हाय. म्हणजे यानं समजून अंगठा देला असंच ठरते. आता मी काय बोलू?" सहा महिन्यांची शिक्षा झाली.

रुखमा ओट्यावर येईना, म्हणून वच्छला तिच्या घरी गेली. ती सरपणाला निघाली होती.

"ताई, मले वाचता येत नसतं तं सही कोणाची घेतली असती त्याईनं?"

"दुसऱ्या कोणाची घेतली असती, रुखमा. तुझा काई दोष नाई."

"पण घेतली तं माहीच ना."

रुखमाने कोयता कमरेला खोचला. वच्छला नाल्यापर्यंत तिच्यासोबत चालत गेली. नाला ओलांडून रुखमा झाडीत शिरली. वच्छला परत फिरली. ओट्यावर बाकीच्या चौघी पाट्या घेऊन बसल्या होत्या.