छोट्या भोंग्याचा प्लग

आमच्या घरात दोन खोल्या आहेत. एकीत आम्ही राहतो आणि दुसरीत ह्यांचे भोंगे राहतात.

भोंगे म्हणजे स्पीकरच, पण नुसतं स्पीकर म्हटलेलं ह्यांना खपत नाही. माझ्या खांद्याला लागतील असे दोन लाकडी खोके, आणि प्रत्येकात तीन भोंगे. जाड आवाजाला मोठा, मधल्याला मधला, बारीक आवाजाला छोटा. माझं शिलाई मशीन मात्र बोळात, न्हाणीघराच्या दाराशी. मी लोकांचे पडदे शिवते, गणवेश शिवते, आणि माप घ्यायचं झालं की गिऱ्हाइकाला न्हाणीघरात उभं करते. बादली सांभाळून हात वर करा म्हणते. मला ती खोली हवी होती. बावीस वर्षं हवी होती.

ह्यांचं आणि मास्तरांचं भांडण वेगळंच. मास्तर हे ह्यांचे मित्र, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. गाण्याचे तीन तुकडे करून तीन भोंग्यांना वाटायचे, तर ते वाटायचे कुठे, एवढाच वाद. मास्तर पॅसिव्हवाले. एकच ॲम्प्लिफायर, आणि वाटप खोक्याच्या आत, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांनी. म्हणजे एकाच पातेल्यात शिजवा आणि वाढताना निवडा. हेही आधी त्याच पंथाचे होते. ती तार गुंडाळताना दोन दुपारी दुसरं टोक धरून मीच बसले होते. मग गेल्या वर्षी ॲक्टिव्ह आलं. त्यात वाटप आधीच होतं आणि प्रत्येक आवाजाला स्वतःचा ॲम्प्लिफायर. तीन चुली, तीन आचारी. कानामागून आली आणि तिखट झाली! तांब्याची वेटोळी माळ्यावर गेली आणि खोलीच्या भिंतीला प्लगांची रांग लागली.

"ॲक्टिव्हमध्ये बारीक आवाज कर्कश होतो," मास्तर म्हणाले. "तुम्हाला ते कळत नाही, कारण कान म्हातारे झालेत."

हे असे तापले की चष्मा काढून ठेवला. "ज्या दिवशी माझ्या कानांना फरक कळणार नाही ना, त्या दिवशी हे भोंगे बाहेर काढीन आणि खोली हिला देईन. तुमच्या वहिनी साक्षीदार!"

"वहिनी, ऐकलंत ना?" मास्तर म्हणाले.

ऐकलं म्हणजे काय, मनात गाठ मारून ठेवली.

तरी पुढचं मी ठरवून केलं नाही. सोमवारी सोळा पडद्यांना इस्त्री करायची होती. बोळात प्लग लावायला जागा नाही, म्हणून खोलीतला एक प्लग काढून इस्त्री लावली, आणि तो परत लावायचा राहिला. संध्याकाळी ह्यांनी गाणं लावलं. मला दारातूनच कळलं, गाण्यावर कुणीतरी गोधडी टाकली होती. आता ओरडतील म्हणून मी सांगायला गेले, तर हे डोळे मिटून म्हणतात, "बघ, बारीक आवाज आज किती रेशमी आहे!"

मी तोंड मिटलं. पाप लागायचं ते लागो. अकरा दिवस हे रोज रेशीम ऐकत होते आणि मी निवांत इस्त्री करत होते.

बाराव्या दिवशी सकाळी मास्तर आले. गाणं लागलं. मास्तरांनी दोन मिनिटांत दात आवळले. "टोचतंय! टाचण्या नुसत्या! झांजा ऐका, काचा फुटल्यासारख्या!"

"टाचण्या? अहो, साय आहे साय!"

नसलेल्या आवाजावरून दोघं अर्धा तास भांडले. मास्तर तर वहीत टिपणं घेत होते. शेवटी मी आत गेले आणि लोंबता प्लग उचलून दोघांसमोर धरला.

"हा छोट्या भोंग्यांचा. अकरा दिवस बाहेर आहे. इथे माझी इस्त्री आहे."

मास्तरांनी वही मिटली. "म्हणजे मला टोचत होतं ते..."

"ते तुमचं तुम्हालाच टोचत होतं."

त्यांना एकदम काम आठवलं. चपला घालताना म्हणाले, "तरी तत्त्व माझंच बरोबर आहे."

मी इस्त्री काढून प्लग लावला. झांजा आल्या, गाणाऱ्या बाईचा श्वाससुद्धा आला. हे छोट्या भोंग्याशी कान नेऊन वाकले होते.

"लावलास का?" त्यांनी विचारलं.

माझं हसू तिथेच जिरलं. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

"केव्हाच."

त्यांनी कान आणखी जवळ नेला. "तुला येतंय ऐकू?"

"येतंय. गेलं तेव्हाही कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बावीस वर्षांत मला कधी विचारलंत, कसं वाटतंय म्हणून?"

ह्यांनी आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. आता तू ऐक आणि मला सांग. भोंगे बाहेर काढायचे तर काढू, पण एकदा सांग."

"राहू देत भोंगे कोपऱ्यात," मी म्हटलं. "सांगीन रोज. पण खुर्चीत बसून नाही, मशीनवर बसून. आधी ते आत आणा."