घड्याळजी आजोबांचं इंग्रजी

नातीशी बोलता यावं म्हणून घड्याळजी आजोबांनी सत्तरीत इंग्रजीचा क्लास लावला. लेक परदेशात, नात तिथेच जन्मलेली. इंग्रजीशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं. आणि पुढच्या सुटीत ती पहिल्यांदाच आजोळी येणार होती.

क्लासच्या मास्तरांचा एकच हेका. आधी वाक्यातला शब्दन् शब्द ओळखा, नाऊन की वर्ब की आणखी काही. बोलणं पुढच्या वर्षी! दुसरा कुणी असता तर फी सोडून पळाला असता. आजोबांना मात्र ही पद्धत फार पटली. त्यांचा जन्म घड्याळं उघडण्यात गेलेला. झाकण काढायचं, चाकं, स्क्रू, स्प्रिंगा पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडायच्या. वाक्यही तसंच उघडायचं की! परीक्षेत ते पहिले आले, आणि ही बातमी ऐकून घेतल्याशिवाय एकाही गिऱ्हाइकाला दुकानातून घड्याळ परत मिळेना.

लेकीबरोबर नात आली. दारातच काहीतरी गोड बोलली. आजोबांनी डोळे मिटून ऐकलं आणि ठणकावलं, "प्रोनाऊन! वर्ब! नाऊन!" एकही चूक नाही. यावर उलट काही बोलायचं असतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मग रोज तेच. ती बोलायची, हे भाग सुटे करून द्यायचे. सुरुवातीला ती खिदळली, त्यांच्याबरोबर ओरडूही लागली. पाच वर्षांचं पोर, चटकन उचलतं. पुढे तिला कंटाळा आला. आजीचं इंग्रजी 'यस' आणि 'नो'वर संपायचं, तरी त्या दोघींच्या गप्पा दिवसभर रंगायच्या. आजोबांचा नुसता जळफळाट. "तुझ्या आईला साधं ॲडजेक्टिव्ह ओळखता येत नाही!" ते लेकीला सांगायचे.

निघायच्या दिवशी बॅगा दाराशी आल्या. नात आजोबांसमोर येऊन उभी राहिली.

"व्हाय डोन्ट यू टॉक टू मी?"

'डोन्ट'पाशी आजोबा जरा अडले. दोन भाग एकाच खोबणीत बसवलेले. पण तेही त्यांनी सोडवलं, शेवटचं प्रोनाऊन मांडलं आणि ऐटीत लेकीकडे पाहिलं. लेक मान खाली घालून उभी होती.

"अहो, तुम्ही तिच्याशी बोलत का नाही, असं विचारतेय ती," आजी म्हणाली.

"तुला गं कसं कळलं?"

"तोंड बघा ना पोरीचं."

आजोबांनी बघितलं, ती आल्यापासून पहिल्यांदाच. उभ्या जन्मात एकही घड्याळ त्यांनी गिऱ्हाइकाला सुटं परत दिलं नव्हतं. ते कसेबसे गुडघ्यांवर बसले, घसा खाकरला आणि जुळवाजुळव सुरू केली.

"आय..."

"प्रोनाऊन," नात समजूतदारपणे म्हणाली, आणि बूट घालायला वळली.