दारात न आलेली गाडी

कामासावाच्या वाडीत हिवाळ्यात इतकी शांतता असते की कावळासुद्धा ओरडण्याआधी इकडेतिकडे बघून घेतो, उगाच कुणाची झोप मोडायला नको म्हणून. आणि झोप मोडायला तिथे माणूस तरी कुठे उरलाय! जपानच्या उत्तरेला, अकिताच्या डोंगरात रस्ता जिथे दमून बसकण मारतो, तिथे ही वाडी. घरं पुष्कळ, पण धूर निघायचा दोनच घरांतून. एका घरात तोनेकाकू, समोरच्या घरात शिगे. दोघींचे नवरे गेलेले, दोघींची मुलं तोक्योला. दोघी रोज भांडायच्या, पण अलीकडे भांडणाचे विषयसुद्धा संपत आले होते.

तोनेकाकूंचे यजमान किसाबुरो गेल्यावर त्यांची जुनी गाडी शोरूमवाले घेऊन गेले. त्या ओळखीवर कुमागाई नावाचे विक्रेते वर्ष सरताना नवं कॅलेंडर द्यायला आले. पन्नाशी उलटलेला, गोल चेहऱ्याचा, उठता-बसता गुडघ्यांना शिव्या देणारा माणूस. त्यांनी किसाबुरोंच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या टेबलाच्या, गरम रजईखाली पाय घातले आणि काकूंनी धुरी देऊन मुरवलेला मुळा तोंडात टाकत म्हणाले,

"काकू, परवा आमच्या शोरूममध्ये अस्वल शिरलं."

"अगंबाई! मग?"

"मग काय. सरळ लाल गाडीत जाऊन बसलं. आरशात तोंड पाहिलं, स्टिअरिंगवर पंजे ठेवले. मी म्हटलं, साहेब, हिची सीट खालून गरम होते. झालं! त्याने आतून दार ओढून घेतलं आणि घोरायला लागलं. आता वसंतापर्यंत काही उठत नाही. आम्ही काचेवर 'विकली' अशी पाटी लावून टाकली."

खोलीत कुणीतरी खदखदून हसलं. कोण हसलं म्हणून काकूंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्या स्वतःच हसत होत्या.

पुढच्या गुरुवारी कुमागाई पुन्हा आले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही आले. मग एका गुरुवारी कपाळाला आठी घालून म्हणाले, "काकू, आता येणं जमायचं नाही. साहेब विचारतात, त्या डोंगरात कुणाला गाडी विकतोस, माकडांना?"

"मला विका की," काकू म्हणाल्या.

तोंडातून निघून गेलं खरं. पण एकदा निघालेला शब्द आत कसा ढकलायचा? कुमागाईंनी कागद पसरले, काकूंनी सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का उमटवला. आता कुणीही विचारेल, की एवढ्या अनुभवी माणसाने बाईंना गाडी चालवता येते का, हे साधं विचारलं कसं नाही? अहो, गिऱ्हाइकाला असं विचारायचं म्हणजे त्याच्या तोंडावर शंका घ्यायची. कुमागाईंनी फार आडवळणाने एवढंच म्हटलं होतं, "बऱ्याच दिवसांत चालवली नसेल, नाही का?" त्यावर काकू म्हणाल्या, "हो, बरेच दिवस झाले." यात खोटं काहीच नव्हतं. जन्मल्यापासूनचे सगळे दिवस झाले होते.

त्यानंतरचे गुरुवार म्हणजे सणच. काकूंनी गाडी पांढरी सांगितली, मग मोत्याच्या रंगाची, मग म्हणाल्या बर्फात ती हरवेल, निळी दाखवा. रंगाचे नमुने बघण्यात बर्फ कमरेपर्यंत चढलं. नंबरप्लेटवर कोणते आकडे घ्यायचे, यावर तर असा खल चालला की राजवाड्यात राजपुत्राचं नाव ठेवतानासुद्धा चालला नसेल. नंतर गाडी दारात कधी यावी, त्याचा मुहूर्त. कॅलेंडरातला प्रत्येक शुभ दिवस काकूंना कुठेतरी टोचायचा. एका दिवशी किसाबुरोंच्या मावशीचं श्राद्ध. दुसऱ्या दिवशी म्हणे पाठ दुखणार होती.

"आत्तापासून कसं कळलं?" कुमागाईंनी विचारलं.

"माझी पाठ आहे. मला नाही कळणार तर कुणाला?"

दर वेळी अस्वलाची खबर यायचीच. ते कुशीवर वळलं. त्याने झोपेत हॉर्न वाजवला. एकदा म्हणे उठून त्याने हप्त्याने मिळेल का, असं विचारलं.

समोरची शिगे खिडकीतून हे सगळं बघत होती. कुमागाई गेले की ती बुटांतलं बर्फ झाडत यायची.

"अगं ए तोने, गाडी आल्यावर करणार काय तिचं? कोंबड्या पाळणार?"

"बसेन आत. सीट गरम होते."

"म्हातारपणी बरी सुचली थेरं! तो माणूस तुला नाही गं भेटायला येत. गाडी विकायला येतो."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे तर मग?"

काकूंनी मुळ्याची बशी तिच्यापुढे सरकवली. "तू खा."

आणि मग तो गुरुवार आला. कुमागाई हात चोळत म्हणाले, "काकू, गाडी कारखान्यातून निघाली! पुढच्या आठवड्यात नंबर पडेल. एकदा नंबर पडला की मागे फिरता यायचं नाही, बरं का. मग गाडी तुमच्या दारात आणि तुम्ही माझ्या कटकटीतून मोकळ्या!"

"मोकळी म्हणजे?"

"म्हणजे पुढचं सगळं सर्व्हिसवाले बघतात. सहा महिन्यांनी त्यांचं पोस्टकार्ड येईल. छान असतं. त्यावर फुलंबिलं असतात."

त्या दिवशी अस्वलाने काय केलं, ते काकूंना ऐकूच आलं नाही.

पुढे दोन दिवस त्यांनी विचार केला. गाडी घेतली तर कुमागाई येणं बंद. पण नको म्हटलं तर? नको म्हटलं तर विक्रेता काय करेल? धावत येईल! का नको, काय बिघडलं, रंग आवडला नाही का, असं विचारेल. आपण ताणून धरू. तो समजूत घालेल, आपण अर्धं ऐकू. समजूत घालण्यात उन्हाळा सहज येईल. आपल्याच हुशारीवर काकू इतक्या खूश झाल्या की त्यांनी किसाबुरोंच्या फोटोपुढे एक मोसंबं जास्त ठेवलं.

त्यांनी शोरूमला फोन लावला. फोनवरच्या मुलीला म्हणाल्या, "घरच्या काही अडचणीमुळे गाडी घेता येत नाही."

इथेच घोटाळा झाला. पायाला मुंग्या आल्या म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. घरची अडचण म्हटल्यावर या मुलखात कुणी पुढे एक शब्द विचारत नाही. दुसऱ्याच्या घराच्या बंद दाराला कान लावावा, तशी ती गोष्ट होते. आपल्याच माणसाने म्हातारीच्या गळ्यात गाडी मारली असणार, असं मनातल्या मनात धरून चालतात. मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "समजलं. आपल्याला फार मनस्ताप झाला असेल." आणि फोन ठेवला.

गुरुवारपर्यंत थांबावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी गाडीचा आवाज आला. काकूंनी घाईने मुळा चिरला, चहाचं पाणी ठेवलं, दार उघडलं. दारात दोघं उभे होते. काळ्या सुटातले कुमागाई, आणि त्यांच्या पुढे काळ्याच सुटातले मॅनेजर, दोन्ही हातांत मिठाईचा गुंडाळलेला खोका धरून. दोघं एकदमच कमरेतून वाकले, ते इतके की पाठीवरचं बर्फ घरंगळून उंबऱ्यावर पडलं.

"आमच्या माणसाकडून आपल्याला त्रास झाला. क्षमा असावी."

"छे हो, कसला त्रास! आत या ना. चहा..."

"नको. आम्ही इथेच बरे."

बूट काढायच्या जागेवरच दोघं उभे राहिले. इतके महिने कुमागाई ते बूट भिरकावून आत यायचे. आज त्यांच्या बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या, आणि त्यांची नजर त्या नाड्यांवरच होती.

"यांची काही चूक नाही," काकू म्हणाल्या.

मॅनेजर आणखी वाकले. "आपलं मन मोठं आहे."

"मन मोठं कसलं! खरंच नाही."

"आपण असं म्हणता, त्यानेच आम्हाला जास्त लाज वाटते. यापुढे कुमागाई या भागात फिरकणार नाहीत. आपल्याला पुन्हा त्रास होणार नाही, याची मी खात्री देतो."

आतमध्ये चहाचं पाणी उकळून झाकण थडथडू लागलं. काकूंनी दाराची चौकट धरली.

"मला गाडी चालवताच येत नाही," त्या म्हणाल्या. "लायसनच नाही मुळी. हे दर गुरुवारी यावेत म्हणून मी गाडी घेत होते. हे येतात, बसतात, काहीबाही सांगतात. तेवढ्यासाठी."

कुमागाईंचे कान लालबुंद झाले. त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून नको ते निघून गेलंय आणि ते झाकून टाकणं आपलं काम आहे, एवढं त्याला कळलं. म्हणून त्याने ते ऐकलंच नाही. आकाशाकडे बघत तो म्हणाला, "आज रात्री बर्फ वाढणार म्हणतात. आपण तब्येतीला जपा. कुमागाई, चला, निघू या."

कुमागाईंनी तोंड मिटलं.

मिठाईचा खोका काकूंच्या हातात आला. गाडी सुरू झाली. उतारावर, वळणाच्या आधी ती थांबली. कुमागाई खाली उतरले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून काकूंच्या घराकडे तोंड करून वाकले. काकूही दारात वाकल्या. समोरचा वाकलेला असताना आपण आधी मान कशी वर करायची? म्हणून त्या तशाच राहिल्या. पाठ दुखायला लागली, हातातल्या खोक्यावर बर्फाचा थर बसला, तरी तशाच राहिल्या. शेवटी मान वर केली तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. चाकांच्या खुणासुद्धा अर्ध्या बुजल्या होत्या.

त्यांनी खोका आत ठेवला, गॅस बंद केला आणि फावडं घेऊन बाहेर आल्या. दारापासून रस्त्यापर्यंतचं बर्फ काढायला लागल्या.

समोरची खिडकी उघडली. "अगं तोने, आता कुणासाठी काढतेस?"

"कुणासाठी नाही. पडलंय म्हणून काढते."

खिडकी मिटली. काकूंनी काढलेल्या वाटेवर मागून बर्फ पडत राहिलं, आणि त्या पुढचं काढत राहिल्या.