पेलाजिया परत आली

आमच्या वस्तीत त्या वर्षी प्रत्येक मोठ्या माणसाला एकच प्रश्न विचारला गेला. परत बुरुंडीला जायचं, की इथलं, टांझानियाचं होऊन राहायचं? शाळेच्या एका वर्गात त्यासाठी टेबल मांडलं होतं. बाबा आत गेले आणि म्हणाले, "इथलं." माझा थोरला भाऊ अनिसेती म्हणाला, "इथलं." मीही तेच म्हटलं. आई सगळ्यांत शेवटी गेली आणि म्हणाली, "घरी."

टेबलामागच्या साहेबाला वाटलं, बाईला प्रश्न कळला नाही. त्यानं पुन्हा सावकाश विचारलं.

"कळलं हो साहेब," आई म्हणाली. "रुमोंगेच्या वरच्या अंगाला आमची टेकडी आहे. माझ्या बापाचे तेलताड आहेत तिथं. मला तिकडं जायचंय."

घराच्या दारात पोचल्यावर बाबा म्हणाले, "मला न विचारता?"

"तुम्ही आत जाताना मला विचारलं होतंत?"

"पेलाजिया, माझ्या दोन्ही भावांना त्यांनी तिथं कापलं."

"माझ्या बापालाही तिथंच कापलं. तो कुणाच्या पायाखाली पडलाय, ते तरी मला बघू द्या."

बहात्तर सालच्या कत्तलीत दोघंही पळून आली होती, वेगवेगळ्या वाटांनी. या जंगलात त्यांना जमीन मोजून दिली गेली, त्यांनी झाडं तोडली, तंबाखू लावला, लग्न केलं. माझे बाबा, झकारिया बारुत्वानायो, हे भित्रे गृहस्थ होते, हे मी त्यांची मुलगी असूनही सांगते. हातात पेन असलेला कुणीही समोर आला की ते उभे राहायचे. शाळेतल्या हजेरी घेणाऱ्या मास्तरांसमोरसुद्धा. आईला मात्र कुणाचीच भीती नव्हती.

कापणी झाल्यावर परत जाणाऱ्यांचे ट्रक आले. आईनं आपलं निर्वासिताचं कार्ड टेबलावर ठेवलं, तिचं नाव वस्तीच्या यादीतून खोडलं, आणि ती ट्रकमध्ये चढली. बाबांनी तिची चटई, पातेलं आणि मक्याची गोणी दोरीनं घट्ट बांधून दिली.

"माझा नागरिकत्वाचा कागद आला की भेटायला येतो," ते म्हणाले. "पासपोर्ट काढून येतो. बसमधून, खिडकीशी बसून."

"या. पण मिशा नीट करून या. तिथं माझी काही इज्जत आहे."

ट्रकमधल्या बाया हसल्या. बाबाही हसले. ट्रक वळणाआड गेल्यावरही ते हात वर करून तसेच उभे होते.

आम्ही जे राहिलो, त्यांनी जुन्या देशावरचा हक्क सोडल्याचं सही-अंगठ्यानं लिहून दिलं. पुढे रेडिओवर बातमी आली, की सगळ्यांचे अर्ज मंजूर. वस्तीत बकरे कापले, ढोल वाजले. मग कळलं, मंजुरी आहे, पण कागद हातात मिळणार नाही. आधी वस्ती मोडायची, लोकांना देशभर वेगवेगळ्या जिल्ह्यांत पांगवायचं, आणि तिथं पोचल्यावर ज्याचा त्याला कागद. कुठं पांगवायचं, कधी, ते ठरायचं होतं.

ते ठरेना. वस्ती मोडणारच म्हणून कुणी नवी भिंत बांधायची नाही, आंबा-पपईचं झाड लावायचं नाही, असा हुकूम निघाला. बदलून गेलेल्या मास्तरांच्या जागी दुसरे आले नाहीत. तंबाखू उचलणारी गाडी कधी यायची, कधी नाही. आमच्या घराचं छप्पर एका कोपऱ्यात बसलं, तेव्हा अनिसेती म्हणाला, "कागद आल्यावर नव्या घरालाच पत्रे घालू." पोरींची लग्नं कागद आल्यावर, दात काढायचा तोही कागद आल्यावर. अनिसेती शाळेत पहिल्या पाचांत असायचा. पुढच्या शिक्षणासाठी दाखला मागितला, तेव्हा निर्वासितांच्या कचेरीनं सांगितलं, तू आता निर्वासित नाहीस. जिल्ह्याच्या कचेरीनं सांगितलं, तू अजून नागरिक नाहीस. तो सायकलवरून माणसं वाहायला लागला. त्याचा चेहरा तेव्हापासून आंबला, तो आंबलाच.

गावचे अध्यक्ष सिंदायिगाया म्हणायचे, "आपण पोटातली पोरं आहोत रे. कळा सुरू झाल्यात, पण दाई जेवायला गेलीय."

लोक हसायचे. पुढे पुढे हसेनासे झाले.

आईचा निरोप पहिल्या वर्षी येई, कुणा ना कुणाच्या तोंडी. मग तोही थांबला. बाबांनी एकदा कचेरीत जाऊन तिकडे जाण्याचा परवाना मागितला. कारकुनानं सांगितलं, "सीमा ओलांडलीत तर अर्ज रद्द. मग इथलेही नाही आणि तिथलेही नाही." बाबा "होय साहेब" म्हणून परत आले.

आणि मग तंबाखूच्या तोडणीत एका दुपारी मी पानांचा भारा घेऊन तंबाखू वाळवायच्या, खोलीएवढ्या भट्टीपाशी आले, तर भट्टीच्या सावलीत एक म्हातारी बसलेली. पायात दोन वेगळ्या चपला. मी म्हटलं, "कोण हवंय, आजी?"

"आजी कुणाला म्हणतेस, स्पेसियोझा?" ती म्हणाली. "पाणी आण."

टेकडीवर तिच्या बापाच्या जागेत दुसरं कुटुंब राहत होतं. तीस-पस्तीस वर्षं राहिलेलं, ताडांचं तेल गाळून विकणारं. पंचांनी अर्धी जमीन आईला दिली. तिनं झोपडी घातली. महिन्याभरात झोपडीवर दगड पडले, मग आग. तिचा तिथला भाचा अडवायला गेला, त्याचा हात तोडला. आई दोन देशांमधलं सरोवर ओलांडून होडीनं आली, तिथून लाकडाच्या ट्रकवरून, तिथून चालत.

"तिथं मला काय म्हणायचे, माहितीय?" जेवताना तिनं सांगितलं. "टांझानियावाली. 'टांझानियावाली, तुझ्या देशात जा.' म्हणून आले बाई, माझ्या देशात."

अनिसेतीनं ताट सरकवलं. "आई, अध्यक्षांनी सभेत वाचून दाखवलंय. बाहेरचं माणूस घरात सापडलं, तर त्या घरातले सगळे अर्ज बाद. सगळे. माझाही."

"मी बाहेरची?"

"यादीत नाहीस तू! तूच नाव खोडून घेतलंस!"

"अनिसेती," बाबा म्हणाले, "तिला आधी जेवू दे."

ती राहिली. बाबांनी ठरवलं, असंही म्हणता येत नाही. जा म्हणायचं धाडस त्यांच्यात नव्हतं आणि राहा म्हणायचंही नव्हतं. साहेबांची जीप दिसली, की सायकलवाली पोरं घंटा वाजवत पुढं यायची, आणि आई भट्टीत जायची. पानं वाळत टाकायच्या काठ्यांखाली, धुराच्या वासात, चटईवर. वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारणी घेवडा पाठवायच्या, "तुमच्या पाहुणीसाठी." कुणी नाव घेत नसे. फक्त विहिरीवर एकीनं मला टोमणा मारला, "काय गं, तुमच्या भट्टीत हल्ली तंबाखू खोकतो म्हणे?"

मी घागर उचलून निघून आले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पडताळणी लागली. घरोघर माणसं मोजायला साहेब आले आणि या वेळी परत न जाता दवाखान्याशेजारच्या खोल्यांत मुक्कामाला राहिले. आई भट्टीतून बाहेर येईना. भट्टीत ओल होती, विस्तव पेटवायची सोय नव्हती, धूर दिसला असता. बाबांनी साहेबांसमोर उभं राहून शपथेवर सांगितलं, "घरात तिघं. मी, मुलगा, मुलगी." त्याच संध्याकाळी मी पेज घेऊन गेले, तर आई तापानं फणफणलेली. मला ओळखेना. माझ्याशी तिच्या बापाशी बोलावं तसं बोलत होती.

"दवाखान्यात न्यायला हवं," मी म्हटलं.

"कार्डाशिवाय घेत नाहीत," अनिसेती म्हणाला. मग म्हणाला, "रोसाली आत्याचं कार्ड आहे अजून पेटीत."

रोसाली आत्या, बाबांची बहीण, आदल्या वर्षी गेली होती. कार्ड परत करायचं राहून गेलं होतं. वय जवळपास सारखंच. बाबांनी नुसती मान हलवली. आईला सायकलच्या मागे बसवलं, मी मागून धरलं, अनिसेती सायकल ढकलत चिखलातून निघाला. बाबा बाजूनं छत्री धरून चालत होते, स्वतः भिजत.

दवाखान्यात म्होजा सिस्टर होत्या. इथल्याच सुकुमा जमातीच्या बाई, तोंडानं फटकळ, हातानं हलक्या. त्यांनी आईचे डोळे उघडून पाहिले, सुई टोचायला घेतली आणि वही पुढे ओढली. "नाव?"

अनिसेतीनं कार्ड पुढे केलं. "रोसाली—"

"नाही," बाबा म्हणाले.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडं पाहिलं. ते उभेच होते, सवयीप्रमाणे, पण आवाज निराळा होता. "सिस्टर, ते माझ्या बहिणीचं कार्ड आहे. ती वारली. ही माझी बायको. पेलाजिया न्ताहोम्बाये. लिहा."

"बाबा!" अनिसेती ओरडलाच.

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "म्हातारबाबा, साहेब लोक भिंतीपलीकडं झोपलेत. मी लिहिलं, की उद्या सकाळी वही त्यांच्या हातात. मला काही ऐकू आलं नाही असं समजू का?"

"लिहा. ती मेली तर दुसऱ्या बाईच्या नावानं मरायला नको. मी हाक कुणाला मारू मग?"

सिस्टरनी लिहिलं.

सकाळी बाबांना शाळेच्या त्याच वर्गात बोलावणं आलं. मी वर्गाच्या खिडकीत उभी होते, माझ्यासारखे आणखी वीसेक जण.

"शपथेवर सांगितलंत, घरात तीन माणसं," साहेब म्हणाला.

"होय साहेब."

"खोटं सांगितलंत."

"साहेब, ती घरात नव्हती. भट्टीत होती."

खिडकीतले लोक हसले. साहेबालाही हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. मुलांना ठाऊक होतं का, असं त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, "नाही. दोघं दिवसभर बाहेर असतात. त्यांना मी कळूच दिलं नाही." साहेबानं आमच्या दोघांचे कागद एका गठ्ठ्यावर टाकले, बाबांचे दुसरीकडे, एकटेच. "तुमचं विचाराधीन राहील," तो म्हणाला. "आणि बाईला पुढच्या ट्रकनं परत पाठवायचं."

तो ट्रक आला नाही. सरोवरापलीकडं पुन्हा काही पेटलं होतं, तिकडून माणसं उलट इकडं येत होती. आई वाचली. डावा पाय मात्र लुळा पडला, तो सुधारला नाही. ती आता घरातच राहू लागली, उघड. दारात बसून घेवडा सोलायची.

पुढं सरकारचं मन फिरलं. वस्ती मोडायची नाही, लोकांना इथंच कागद द्यायचे, असं ठरलं. फुटबॉलच्या मैदानावर टेबलं लागली. बाबांनी आदल्या दिवशी सदरा धुतला. मी म्हटलं, "बाबा, तुमचं नाव नसेल." ते म्हणाले, "नसेल. पण चुकून असलं, आणि मी तिथं नसलो तर?"

माझं नाव पुकारलं, अनिसेतीचंही. कागद जाड होता, त्यावर शिक्का. राष्ट्रगीत झालं, तेव्हा बाबा सगळ्यांबरोबर म्हणत होते, एकही शब्द न चुकता. टेबलं घडी करून गाडीत चढवेपर्यंत ते उन्हात बसून राहिले. अनिसेती त्यांच्याशी न बोलता घरी गेला. आठवड्याभरात तो टबोरा शहरात निघून गेला. निघताना आईच्या पाया पडला, बाबांसमोर आला, आणि म्हणाला, "एका रात्रीपुरतं तोंड मिटलं असतंत तर काय झालं असतं?"

"तुझं मिळालं ना तुला?" बाबा म्हणाले. "मग झालं."

बाबा दर महिन्याला कचेरीत जात. बसनं जायचं, बाकावर बसायचं, कुणी आलं की उभं राहायचं. विचाराधीन आहे, असं ऐकून यायचं. एका कोरड्या हंगामात त्याच बाकावर त्यांच्या छातीत दुखायला लागलं. घरी आणेपर्यंत ते गेले. प्रेताबरोबर कचेरी झाडणारी बाई आली होती. आईला म्हणाली, "फार नम्र माणूस होता तुमचा." आई म्हणाली, "भित्रा होता." मग तिनं तोंडावर पदर ओढला आणि दफन होईपर्यंत काढला नाही. अनिसेती मातीला आला. त्यानं खड्ड्याच्या कडेला उभं राहून बाबांचं पूर्ण नाव मोठ्यानं घेतलं, दोनदा, आणि तिथंच खाली बसला.

आता मी नागरिक आहे, म्हणून आईच्या राहण्याच्या परवान्यासाठी मला अर्ज करता येतो. परवा तिला पाठुंगळी घेऊन बसमध्ये चढवलं, कचेरीत नेलं. खिडकीपलीकडं नवा पोरगेला कारकून होता. वागायला चांगला. त्यानं विचारलं, "आई, या देशात कशासाठी आलात?"

"नवऱ्याकडं आले," ती म्हणाली.

"नवरा कुठल्या देशाचा?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "ते वारले."

"ते नाही विचारलं, ताई. कुठल्या देशाचे होते?"

मी तोंड उघडलं, पण काही सुचलं नाही. मागं रांग होती, लोक खाकरत होते. शेवटी त्यानं तो रकाना मोकळा सोडला आणि सांगितलं, कळवू. आम्ही बाहेर येऊन बसची वाट बघत बसलो. आईला भूक लागली होती. मी तिला भाजलेलं कणीस घेऊन दिलं, आणि दाणे सोलून एकेक करून तिच्या हातावर ठेवत राहिले.