शंभरीच्या आत

उचगावात आमच्या शेजारी उदयसिंह राहतो. दोन टेम्पो, दारात गाडी, पण चमडी गेली तरी दमडी सुटणार नाही अशातला.

विजेचे दर आयोग ठरवतो, कंपनीला मनाला येतील तसे लावता येत नाहीत, आणि पहिले शंभर युनिट सगळ्यात स्वस्त असतात, एवढं त्याला माहीत होतं. गरिबाच्या घरातही पंखा फिरावा म्हणून केलेली ही सोय. पण या शहाण्यानं तिला स्वतःचं शेपूट जोडलं: शंभराच्या वर एक युनिट जरी गेलं, तरी सगळंच बिल वरच्या दरानं लागतं. हे ज्ञान तो गल्लीभर वाटायचा आणि अर्धी गल्ली ते खरं मानायची.

त्याची आई बाळाबाई. फुफ्फुसं गेलेली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन सतत चालू ठेवायला सांगितलं होतं, आणि मशीन वीज खातं. उदयसिंह रोज सकाळी मीटर बघायचा आणि आईनं आज किती वेळ श्वास घ्यायचा ते ठरवायचा. म्हातारीलाही सवय झाली. मशीनकडं हात करण्याआधी ती विचारायची, "किती झालं रं?"

एप्रिलात रीडिंगला थोडेच दिवस उरले असताना आकडा शंभराला टेकला. त्यानं मशीन उचलून दुसऱ्या खोलीत ठेवलं आणि कुलूप लावलं. बायको संयोगिता पाया पडली, तिला ढकललं. आईला म्हणाला, "थोडी कळ काढ, आये. रीडिंग झालं की लावतो."

बाळाबाईनं मान डोलावली. मला त्या डोलावण्याचा अजून राग येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तडफडून गेली. आम्हाला कळलं तेव्हा घरात रडारड सुरू झाली होती.

दहाव्याला संयोगिताचा भाऊ विश्वजित मलकापूरहून आला. बोलता बोलता विषय बिलावर गेला. त्यानं समजावलं, की शंभर ओलांडले तरी पहिले शंभर स्वस्तातच राहतात, जादा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. संयोगिता पदर तोंडात कोंबून आत गेली. बसलेल्या सगळ्यांच्या नजरा उदयसिंहाकडं वळल्या. आता हा माणूस भिंतीवर डोकं आपटून घेणार, असं मला वाटलं.

उदयसिंहानं बोटांवर कसला तरी हिशेब केला. मग त्यानं कपाळावर हात मारला.

"म्हंजी फ्रीज उगंच बंद ठिवला की आपण."