संस्थांना पाव दरात

ताई आणि मी, दोघांचीच आमची कंपनी. वस्तू भाड्याने देणाऱ्या दुकानांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. कुठला कॅमेरा कोणाकडे गेला, परत कधी येणार, एवढंच त्याचं काम. एका सकाळी एका निवृत्त नर्सबाईंचा फोन आला. त्यांची संस्था आजारी माणसांना व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजनची यंत्रं फुकट वापरायला देते. "थोडी सूट मिळेल का हो?" बाईंनी चाचरत विचारलं.

मी ताईच्या कानात म्हणालो, "सूट कसली देतेस? आपल्याच नाकी नऊ आलेत."

"बघून तर येऊ," म्हणत ताई मला जवळजवळ ओढतच घेऊन गेली.

संस्था म्हणजे दवाखान्यामागची एक खोली. छतापर्यंत वॉकर रचलेले आणि टेबलावर चार जाडजूड वह्या. आम्ही टेकतोय तोच फोन खणाणला. एका आजोबांना रुग्णालयातून घरी सोडणार होते, पण घरी ऑक्सिजनचं यंत्र असेल तरच. खोलीत एकही शिल्लक नव्हतं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "चाळीस यंत्रं आहेत आमची! कुठलं कुठे अडकलंय, देव जाणे."

ताईने लॅपटॉप उघडून माझ्यापुढे सरकवला. "बाई, तुम्ही वाचा. आणि तू टाइप कर, तोंड नको चालवूस!"

बाईंचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. ते त्यांनाच लागेना. तिसरी वही संपायला दुपारचे तीन वाजले. ताईने यादी तारखेप्रमाणे लावली आणि ती किंचाळलीच, "हे बघा! हे एक सात महिने एकाच घरी आहे!"

"अगंबाई, शिंपीकाका! ते तर कधीच ठणठणीत झाले!"

फोन लावला. "कपाटावर पडलंय की," काका म्हणाले. "कोणी मागितलंच नाही. थांबा, आलोच!"

अर्ध्या तासात काका स्कूटरवर, पायांमध्ये यंत्र धरून हजर. बाईंनी ते पुसलं, हवा गाळायची जाळी बदलली, चालवून पाहिलं आणि आजोबांच्या घरी धाडलं. सहाच्या आत आजोबांच्या सुनेचा फोन आला, "पोचले घरी! झोपलेत शांत." मी टाळ्याच पिटल्या. सात वर्षांत आमच्या सॉफ्टवेअरने असं काही केलेलं मी पाहिलं नव्हतं.

परतताना मीच म्हणालो, "पाव दर ठेवू. सगळ्याच संस्थांना. शिकवायचे पैसे घ्यायचे नाहीत."

"आणि नाकी नऊ?"

"येऊ देत गं!"

त्याच आठवड्यात आम्ही ते संकेतस्थळावर टाकलं. महिन्याभरात अकरा संस्था आल्या. गंमत पुढेच. 'वस्तू अजून लागतेय का?' असा निरोप वस्तू नेणाऱ्याला दर महिन्याला आपोआप जावा, असं बाईंनी सुचवलं. आम्ही ते केलं, तर पूर्ण दर देणारी दुकानंच त्यावर तुटून पडली. आमचा सगळ्यात जुना कॅमेरेवाला फोनवर खेकसला, "इतकी वर्षं हे कुठे लपवलं होतंत?"

ताईने बाईंना विचारलं, "अजून काही सुचतंय?"

बाई म्हणाल्या, "बसा. मोठी यादी आहे."