दहाच्या आधीचा प्रश्न

चातुर्मासात मी सकाळी उठल्यापासून दहा वाजेपर्यंत बोलत नाही. मान हलवत नाही, हाताने खूण करत नाही, कागदावर लिहूनही काही सांगत नाही. काष्ठमौन म्हणतात त्याला. लाकडासारखं राहायचं. आमचे हे गेले त्या वर्षी संकल्प केला, त्याला आता अकरा वर्षं झाली. दहाला देवापुढची घंटा वाजवते, आधी नाम घेते आणि मग माणसांशी बोलते.

हॉटेल चालवणाऱ्या बाईने असलं व्रत कसं काय घेतलं, असं नवीन माणूस विचारतोच. पण आमचं उपाहारगृह लहान. सकाळी दोनच पदार्थ, मिसळ आणि पोहे. वाढायला रंजिता आहे, आणि तिला बोलायला आवडतं. कोणी मला काही विचारायला लागलं की ती मधेच सांगते, "मावशींना आता विचारू नका, त्या दहाला चालू होतात."

आमची गल्ली भिवंडीच्या मंडईमागे. समोरच सावळारामभाऊंचं 'पूर्णा भोजनालय'. ते पूर्णा गावचे, घरची भातशेती होती. सव्वीस वर्षं आम्ही समोरासमोर. त्यांनी पाटी हिरवी रंगवली की आमचे हे आमची पाटी वीतभर मोठी करून घ्यायचे. त्यांनी पंखे लावले, आम्ही थंड पाण्याची टाकी आणली. त्यांनी उसळीबरोबर वडा द्यायला सुरुवात केली, तेव्हा मी दुपारी थालीपीठ काढायला लागले. कापडाच्या लूमवरचे कारागीर, सुताचे दलाल, कोर्टात तारखेला आलेली माणसं गल्लीच्या मधोमध उभी राहून आज कोणाकडे जायचं ते ठरवायची. दोन्हीकडून हाका जायच्या. माझी हाक काही ऐकू जात नसे, माझा आवाज बारीक. आमचे हेच हाका मारायचे.

हे गेल्यावर मी मौन धरलं आणि सावळारामभाऊंना रान मोकळं मिळालं. मला उत्तर देता येत नाही हे ओळखून ते नेमके सकाळीच टोमणा मारायचे. आपल्या पायरीवर उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"वहिनी, तुमच्या रश्श्यात बघून एक जन भांग पाडून गेला आज. आरसा इकत घ्यायला नको."

गिऱ्हाइकं हसायची. मी पोहे परतत राहायची. दहाला घंटा झाली की पदर नीट करून पायरीवर यायची आणि हळूच म्हणायची, "सावळारामभाऊ, काल तुमच्या वड्याने एकाचा दात हलला म्हणे. दातांच्या डॉक्टरचं आणि तुमचं काही ठरलंय का?" माझा आवाज लहान म्हणून लोक पुढे सरकून ऐकायचे. गल्लीत त्याला 'दहाचा जाब' म्हणायचे. तेवढ्यासाठी चहा लांबवत बसणारे लोक होते.

पण एक होतं. चातुर्मासात सकाळी दहाच्या आत ते सुकट भाजत नसत. मी कधी सांगितलं नव्हतं. माझा देव्हारा वरच्या खोलीत, खिडकी त्यांच्या बाजूला. त्यांचं त्यांनीच ठरवलेलं.

पुढे गल्ली ओस पडत गेली. कधीपासून, ते एका दिवसावर बोट ठेवून सांगता येत नाही. आधी लूमचा आवाज कमी झाला. पूर्वी नारपोलीत माझ्या नणंदेकडे गेलं तर भिंतीला हात लावला तरी खडखड कळायची. तिथले कारखाने एकेक करून बंद झाले, लूम भंगारात गेले, कारागीर आपापल्या गावी परतले. इथली तरुण पोरं पूर्णा-कशेळीकडे गोदामांत लागली. ती सकाळी जातात आणि तिथेच जेवतात. आमच्या गल्लीत पाच खाण्याची दुकानं होती. उडप्याच्या जागी मोबाइलची कव्हरं विकायला आली. पुरीभाजीवाले भैया गावी गेले ते आलेच नाहीत. भेळवाल्याने गाडी विकली. राहिलो आम्ही दोघं.

सावळारामभाऊंच्या मुलाला, धनेशला, पूर्ण्याच्या एका गोदामात कॅन्टीनचं काम मिळालं. तो बापाला दोन वर्षं बोलावत होता. रंजिताने मला सांगितलं होतं, भाऊ त्याला म्हणतात, "समोरचं चालू हाय तवर मी न्हाय हलनार."

माझंही तेच होतं. समोरचं शटर उघडल्याचा आवाज आला की मी गॅस पेटवायची. ते आहेत म्हणून मी आहे, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. देवापुढे मात्र रोज एकच मागत होते. मागे घरात कोणी नाही, निदान समोर असू दे.

या श्रावणातला बुधवार. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. घड्याळ माझ्या समोरच्या भिंतीवर आहे म्हणून सांगते. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो येऊन थांबला. थोड्या वेळाने सावळारामभाऊ आले. पायरीवर थांबले नाहीत, आत आले. सव्वीस वर्षांत ते दोनदाच आत आले होते, एकदा आमच्या ह्यांच्या दिवसांना आणि एकदा पाणी तुंबलं तेव्हा. पहिल्या टेबलापाशी बसले. मला वाटलं आता टोमणा येणार.

"वहिनी," ते हळू म्हणाले. "धन्या टेम्पो घिऊन आलाय. आज सामान न्यायचं म्हनतो."

मी रस्सा ढवळत होते.

"मी जाऊ का? तुमी थांबा म्हनलात तर थांबतो. टेम्पो परत लावून देतो."

माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की नेहमीचंच आहे. हे आता विचारतात, मी दहाला सांगेन. पन्नास मिनिटांचा प्रश्न. पण ते उठले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत बसले. गुडघ्यावर हात ठेवून, डॉक्टरकडे नंबरला बसतात तसे. मी मान हलवली नाही. डोळ्यांनीही काही सांगितलं नाही. रस्स्याला उकळी आली, गॅस बारीक केला. आत नामस्मरण चाललं होतं, आणि नामाच्या मधेमधे 'थांबा' हा शब्द येत होता.

"बरं," ते म्हणाले. "समजलं."

आणि गेले.

रंजिता हातातल्या बश्या ठेवून आली. "मावशी, बोला ना. एका शब्दाला देव काय रागावणार आहे का?"

देव रागावणार नाही हे मलाही ठाऊक होतं. पण माझ्याकडे अखंड राहिलेलं असं ते एकच होतं. बाकी सगळं कुठे ना कुठे तुटलेलं. मी घड्याळाकडे बघितलं आणि उभी राहिले. समोरून लोखंडी कढई निघाली. मग बाकडी. मग त्यांच्या गल्ल्यामागची देवीची तसबीर. ती भाऊंनी स्वतः छातीशी धरून नेली आणि टेम्पोत पुढे बसले. टेम्पो गेला तेव्हा दहाला अठरा मिनिटं कमी होती. इतकी हळू अठरा मिनिटं मी कधी काढली नाहीत.

घंटा वाजवली, नाम घेतलं आणि जवळजवळ धावतच खाली आले. धनेश उरलेल्या सामानासाठी आणलेल्या दुसऱ्या टेम्पोला दोरी आवळत होता.

"धनेश, भाऊंना थांबायला सांग."

"आता काय काकी? आबा पोचले पण असतील."

"मी त्यांना थांबा म्हणणार होते."

"आबा तर म्हणाले, वहिनींनी हो म्हटलं."

"मी काहीच म्हटलं नाही."

"तेच ना काकी," धनेश हसला. "नको असतं तर माणूस काहीतरी बोलतो. आबा म्हणाले, मान पण हलवली नाही."

मी त्याला काष्ठमौन समजावत बसले नाही. त्याला घाई होती. दोरीची गाठ मारून तो गेला.

गल्लीत बातमी अशी झाली की वहिनींनी समोरचं उठवलं. काहींनी तर अभिनंदन केलं. आठ-दहा दिवस माझ्याकडे गर्दी झाली, मिसळ अकरालाच संपायला लागली. मग ती गर्दीही विरली. सुताचे दलाल पंढरी, जुनं गिऱ्हाईक, आठवड्यातून एकदाच यायला लागले. मी विचारलं, काही चुकलं का?

"चुकलं काही नाही," ते म्हणाले. "पण वहिनी, एका दुकानाचा बाजार होत नाही. आधी तुमच्याकडे जावं की त्यांच्याकडे, या विचाराने तरी गल्लीत शिरायचो. आता एकच ताट समोर. मग म्हटलं, एकच ताट तर घरीही असतं. बायकोही तेच म्हणाली."

मी हसले. ते गेल्यावर टेबल पुसलं.

दहाची घंटा मी वाजवत होतेच. पण मौन सुटल्यावर बोलायचं कोणाशी? पायरीवर यायची सवय होती, म्हणून यायची. समोर शटर. काही दिवस तर दहा वाजून गेले तरी तोंडातून शब्द निघत नसे. बाराला रंजिता काही विचारेल तेव्हा आवाज फुटायचा, तोही घोगरा. व्रत दहापर्यंतचं आणि मी बारापर्यंत गप्प. असलं जास्तीचं पुण्य मला नको होतं.

मनाला एकच लागून राहिलं होतं. भाऊंना वाटत असेल, मी त्यांना घालवलं. शेवटी एका शनिवारी दुपारचं आवरून मी शेअर रिक्षाने पूर्ण्याला गेले.

गोदामांच्या रांगांत सारख्याच भिंती, सारखीच फाटकं. कुठे शेतं होती ते कळायला जागा नाही. वॉचमनने फोन केला, मग आत सोडलं. कॅन्टीन मोठं, पंखे मोठे, खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या. सावळारामभाऊ काउंटरमागे होते, डोक्यावर पांढरी जाळीची टोपी. मला बघून त्यांनी ती आधी काढली.

"वहिनी. चहा?"

"चातुर्मासात बाहेरचं घेत नाही."

"म्हाईत हाय. इचारायचं म्हनून इचारलं."

आम्ही एका टेबलाला बसलो. मी लगेच सांगून टाकलं. "भाऊ, मी थांबा म्हणणार होते."

"दहाला."

"हो, दहाला."

"म्हनून तर नवाला आलो." ते टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटाने पुसत होते. "दहानंतर इचारलं असतं तर तुमी थांबा म्हनला असता. आन मी थांबलो असतो. आजून दोन वर्सं, तीन वर्सं. गिऱ्हाईक न्हाय, गुडगं न्हाय, नुसता तुमच्या शटरकडं बघत. माज्यानं हुईना, वहिनी. पन इचारल्याबिगर पन जाववंना."

"आणि गल्लीत सांगितलंत, मी हो म्हटलं."

"मंग काय सांगू? पळालो म्हनून सांगू?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. महिनाभर उराशी धरलेलं ओझं उतरलं, आणि उतरल्यावर कळलं, त्याच्याखाली काहीच नव्हतं. ते ओझं होतं तोवर निदान भाऊ माझ्या एका शब्दासाठी अडलेले होते. ते तसे अडलेले नव्हते.

"एक सांगू?" ते पुढे वाकले. समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे दुसरं काउंटर होतं, स्टीलचं, कोरं करकरीत, रिकामं. "सायेब म्हनतात पोरं एकाच चवीला कटाळतात. आजून कोनतरी पायजे. मी तुमचं नाव घेतलंय. मी वडा, तुमी मिसळ. समोरासमोर. साडेसहाला पैली शिफ्ट खायाला येती."

"साडेसहाला."

"चारशे पोरं. टोकनचा नंबर वरडून सांगायला लागतो, तितं गप ऱ्हाऊन भागनार न्हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "देवाला सांगा ना, दुपारी दोन ते पाच गप बसते म्हनून. त्याला काय, टायमाचं काय पडलंय?"

मी त्या काउंटरकडे बघत राहिले. खोटं कशाला सांगू, मला ते हवं होतं. मला दिसलंच सगळं: इथून भाऊंचा टोमणा, तिथून माझा जाब, आणि टोकन हातात धरून हसणारी पोरं. घरी जाऊन रंजिताला सांगायचं, चल, उद्यापासून तिकडे. देवाने माझं मागणं ऐकलं होतं. फक्त बदल्यात मी त्याला दिलेला शब्द मागत होता. तो शब्द मी ह्यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दिला होता. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला न विचारता मी काही ठरवलं होतं.

"नाही, भाऊ," मी म्हटलं.

"इचार करून सांगा. घाई न्हाय."

"विचार करूनच सांगते. नाही जमणार."

त्यांनी मान हलवली. टोपी हातात फिरवत बसले. तेवढ्यात भोंगा झाला आणि दारातून पोरं आत शिरली, वीस, पन्नास, मग मोजता येईनात. भाऊ उठले. "बसा, आलोच," म्हणाले आणि टोपी घालून काउंटरमागे गेले. मी थोडा वेळ बसले. वड्यांचा घाणा निघाला, नंबर ओरडले जाऊ लागले. रांग संपेना. मग मी हळूच निघाले. त्यांनी पाहिलं नसावं.

घरी पोचले तेव्हा रंजिता उद्याची मटकी निवडून बसली होती.

"मावशी, मोठं पातेलं काढू ना?"

"नको. वरचं लहान काढ."

तिने फळीवरून लहान पातेलं काढून दिलं. बरीच वर्षं वापरलेलं नव्हतं, आत धूळ बसली होती. ती घासायला घेऊ लागली, तेव्हा मी तिच्या हातातून घेतलं आणि नळाखाली बसून ते स्वतः घासलं.